पेंचचे भुयारी मार्ग आणि आमचे 'रडगाणे': एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : "नऊ पूल झाले, वाघ त्यांखालून जातात, रस्ताही झाला, तरी नागपुरात पंख्याखाली बसून यांचे रडगाणे चालूच." त्याच महामार्गावरच्या देवलापार परिसरातील रुग्णाला रात्री-अपरात्री नागपूर गाठता आले पाहिजे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. मूळ लेखातही त्याला विरोध नव्हता. मात्र ज्या सुरात आपण हे लिहिले, तो मला खटकला आणि त्याबद्दल गप्प बसणे मला जमणार नाही.

माझे बालपण देवलापारलाच गेले. वडील वनखात्यात होते. रात्री वाहनाने उडवलेल्या जनावराचा पंचनामा करायला ते सकाळी निघाले की मीही त्यांच्यामागे जाई. चितळाची एक मादी मला अजून आठवते. तिच्या दातांत अर्धवट चावलेले गवत तसेच होते आणि रक्ताचा ओघळ डांबरावरून कडेच्या मुरमापर्यंत गेला होता. हे सारे डोळ्यांदेखत पाहिलेल्या माणसाला पंख्याखाली बसणारा ठरवण्यापूर्वी आपण किमान चौकशी करायला हवी होती. टोपणनावाने लिहिताना तेवढेही भान राखले जात नाही, याचे वाईट वाटते.

आता त्या नऊ पुलांविषयी. ते कोणी आपण होऊन दिलेले नाहीत. चौपदरीकरणासाठी झाडे तोडण्याचा प्रश्न आला तेव्हा ज्यांनी हरकती घेतल्या, हरित लवादाचे दार ठोठावले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे बाजू मांडली, त्यांनाही तेव्हा विकासविरोधी म्हटले गेले होते. भारतीय वन्यजीव संस्थेच्या तज्ज्ञांनी जनावरांच्या वाटा अभ्यासल्या, रुंदीवरून बराच वाद झाला आणि मग कुठे जनावरांना पुलांखालून जायला ५० ते ७५० मीटर लांबीच्या या मोकळ्या जागा मिळाल्या. २०१९ मध्ये तेथील कॅमेऱ्यांत १८ प्रजातींचे वन्यप्राणी टिपले गेले, वाघ तर ८९ वेळा. ज्या यशाचा दाखला आपण आमच्याविरुद्ध देता, ते याच रडगाण्यातून आलेले आहे.

अशी सोय नसेल तर काय होते, तेही नागपूरकरांनी पाहिले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव हा वाघ अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडले. अशा वेळी 'झाले ते झाले' म्हणून पुढे जाणे मला शक्य नाही.

खर्च आणि पर्यटनाविषयी आपण बरेच लिहिले आहे, पण त्याचा माझ्या लेखाशी संबंध नसल्याने त्यात मी शिरत नाही. माझी मागणी एवढीच आहे की, वाघांच्या भ्रमणमार्गांवरील रस्त्याची वा लोहमार्गाची आखणी पक्की होण्याआधी, निविदा निघण्याआधी, जनावरांच्या वाटांची पाहणी व्हावी आणि भुयारी मार्गांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरला जावा. या मागणीतील नेमके काय आपल्याला अमान्य आहे, ते कृपया आपल्या खऱ्या नावानिशी लिहावे.