आत्याच्या ग्लासातला तांबडा गाळ कुठून आला?

रविवारी नवी मुंबईत ऐरोलीला आत्याकडे गेले, तर ओट्याखाली वीस लिटरचे दोन जार. नळाचं पाणी फक्त भांड्यांना आणि धुण्याला, चहासुद्धा जारच्या पाण्याचा. कारण विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. ‘नळाचे पाणी म्हणजे हळूहळू भिनणारे विष’, खाली व्हिडिओ. हाच मजकूर आठवडाभरात माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, भावाच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला. मी ठाण्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, आणि माझी बहात्तर वर्षांची आत्या हे वाचून रात्री झोपत नाहीये. म्हणून लिहितेय.

मजकुरातले दावे असे: पाण्यातली खनिजं दगडातून आलेली, म्हणून ‘मृत’, शरीर फक्त झाडांमधली ‘जिवंत’ खनिजं घेतं आणि दगडातली मूत्रपिंडात खडे होऊन साचतात. टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ५० च्या वर गेला की पाणी विषारी. निसर्ग पावसातून शून्य टीडीएसचं पाणी देतो, तेच खरं. विजेच्या सळ्या घातल्या की नळाचं पाणी तांबडं होतं, आरओचं (क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राचं) होत नाही, हा पुरावा. आणि पाणी उकळू नका, उकळल्याने टीडीएस वाढतो.

आधी सळ्या, कारण आत्या घाबरली ती त्यांनीच. आरओ विकणारा एक मुलगा तिच्या दारात येऊन हाच प्रयोग करून गेला होता. दोन ग्लास, चार सळ्या, प्लग लावला, आणि पाच मिनिटांत तिच्या नळाच्या पाण्यात तांबडा-हिरवट गाळ. ‘आजी, हे तुम्ही रोज पिता,’ असं म्हणाला तो तिला.

पाण्यातून वीज जायला आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, लागतात. नळाच्या पाण्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सोडिअम, बायकार्बोनेट असतात, म्हणून वीज जाते. वीज गेली की धन टोकाची लोखंडी सळी झिजते, लोखंड पाण्यात उतरतं आणि ऑक्सिजन मिळाला की त्याचा गंज होतो. गाळ आला तो सळीतून. आरओच्या पाण्यात आयन इतके कमी की वीज जवळजवळ जातच नाही, सळी झिजत नाही, पाणी नितळ राहतं.

हे नुसतं सांगून आत्याला पटलं नसतं. ९ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी आणि लोखंडी खिळे घेऊन बसले तिच्या ओट्यावर. जारचं पाणी ग्लासात घेतलं, दहा मिनिटं ठेवलं, काही झालं नाही. मग त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं. एका खिळ्याला बुडबुडे आले, दुसऱ्याभोवती हिरवट धूर उतरल्यासारखा दिसायला लागला, आणि बघता बघता ग्लास त्या मुलाच्या ग्लासापेक्षा जास्त तांबडा झाला. खिळा बाहेर काढून तिच्या हातात दिला, त्याचं टोक खरबरीत झालं होतं. तुमच्या दारात कोणी सळ्या घेऊन आलं तर आरओच्या ग्लासात मीठ टाकायला सांगा. मात्र घरी करून बघायचं तर बॅटरीवरच, प्लगवर कधीच नाही.

आता ‘मृत’ खनिजं. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण पृथ्वी कशी चालते तेच यात उलटं सांगितलंय. नवी मुंबईला पाणी येतं मुख्यतः खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून. हा सगळा टापू दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरतो आणि ते किंचित आम्ल होतं, पीएच साधारण ५.६. मातीत मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास घेतात, तिथे तो आणखी मिसळतो. हे पाणी खडकातल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांना हळूहळू विरघळवतं. कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सोडिअम पाण्यात येतात, सोबत बायकार्बोनेट, आणि मागे चिकणमाती उरते. बेसाल्टमध्ये लोखंडही भरपूर असतं, पण हवा लागली की ते गंजून बहुतेक जागच्या जागीच बसतं. माथेरानला चपला लाल होतात ती हीच गंजलेली माती. म्हणजे लोखंड डोंगरावर राहतं आणि कॅल्शिअम तुमच्या नळाला येतं. हेच विरघळणं लाखो वर्षांच्या हिशेबाने हवेतला कार्बन डायऑक्साइड आटोक्यात ठेवत आलंय.

आणि नाचणी? तिच्यातलं कॅल्शिअम कुठून आलं? याच मातीतल्या याच पाण्यातून, मुळांनी ओढून घेतलेलं. कॅल्शिअमचा आयन खडकातून थेट आला काय किंवा नाचणीतून आला काय, एकच. मुतखडे बहुतेक कॅल्शिअम ऑक्सलेटचे असतात हे खरं, पण आहारात पुरेसं कॅल्शिअम असलं तर ते ऑक्सलेटला आतड्यातच धरून शौचावाटे बाहेर नेतं. कॅल्शिअमला घाबरून ते तोडणं उलट अंगाशी येऊ शकतं. ज्यांना खडे झालेत त्यांनी आहाराचं डॉक्टरांना विचारावं, व्हॉट्सॲपला नाही.

टीडीएस ५० चा आकडा कोणी काढला, कळत नाही. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५०० : २०१२, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम देतं; दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. आत्याच्या नळाला मीटरने ७८ दाखवले. तिच्या शहाळ्यात तोच मीटर बुडवला, आकडा दोन हजारांच्या वर गेला. मीटर फक्त वीज किती वाहते ते मोजतो, विष ओळखत नाही. पावसाचं पाणीही शून्य टीडीएसचं नसतं, समुद्राजवळ तर त्यात मीठही असतं.

यात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करते. खाडीलगतच्या बोअरला खारं पाणी लागलं तर आरओ लागतो. चंद्रपूर-यवतमाळकडे काही गावांत खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरतं, बंगालमध्ये गाळातलं आर्सेनिक. दगडातून येणारं सगळंच चांगलं असं नाहीच. पण आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि हा मीटर एक मिलिग्रॅमच्या खालचं मोजतच नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो.

शेवटचा दावा सगळ्यात घातक. उकळल्याने वाफ जाऊन टीडीएस किंचित वाढू शकतो, पण त्याने बिघडत काहीच नाही. भांड्याला बसतो तो पांढरा थर कॅल्शिअम कार्बोनेटचा. आत्याच्या पातेल्यात लिंबू पिळलं तर तो फसफसून सुटला. पोटातलं आम्ल लिंबापेक्षा जहाल, तिथे असा थर धरत नाही. उलट कावीळ, टायफॉइड पसरवणारे जंतू मीटरला दिसतच नाहीत. ३० टीडीएसच्या पाण्यातही ते असू शकतात. आत्याच्या सोसायटीची टाकी पावसाळ्याआधी धुतली गेलेली नाही, आणि आत्याने जूनपासून पाणी उकळणं बंद केलं होतं, या एका वाक्यामुळे. टाकीबद्दल सेक्रेटरींना मी अर्ज दिलाय. पातेलं त्याच संध्याकाळी तिने परत गॅसवर चढवलं.