पेटंटचा शिक्का म्हणजे रीलचा जन्मदाखला नाही

गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची हौस असणाऱ्यांमध्ये एक मेसेज जाम फिरतोय. त्यात म्हटलंय की घरात जुनी इंग्लिश किंवा अमेरिकन रील (गळाच्या काठीला, म्हणजे रॉडला लावायची दोरीची फिरकी) असेल, ती पितळी असेल, तिच्यावर पेटंट लिहिलेलं असेल आणि सिरियल नंबर नसेल तर ती पहिल्या बॅचची समजा, मार्क टू लिहिलं असेल तर दुसऱ्या बॅचची, आणि मग मस्त घासून चकचकीत करा नि लाखाला विका. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याने लोकांचं नुकसान होतंय म्हणून एकेक घेतो.

आधी पेटंट. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मँचेस्टर गावच्या चार्ल्स ऑर्विसला त्याच्या भोकाभोकांच्या रीलचं पेटंट १२ मे १८७४ ला मिळालं, ती तारीख रीलवर ठोकली गेली, आणि त्याच तारखेसकट ती रील पुढे कित्येक वर्षं विकली जात होती. म्हणजे तारखेवरून एवढंच कळतं की रील त्याच्या आधीची नाही. नंतरची किती, ते तारीख सांगत नाही.

आता हार्डी परफेक्ट, कारण सगळ्यात जास्त घोळ हिच्याच बाबतीत होतो. इंग्लंडच्या उत्तरेला अॅनिक गावातल्या हार्डी बंधूंची ही रील, पेटंट १८८८ चं, बाजारात आली १८९१ ला, आणि थोडेफार बदल होत १९६० च्या दशकापर्यंत बनत राहिली, नंतर पुन्हाही काढली. इतक्या वर्षांतल्या सगळ्यांना "पहिली" म्हणून कसं चालेल? खरी सुरुवातीची असते ती पूर्ण पितळी, हस्तिदंती मुठीची, आतल्या बॉल बेअरिंगचे छर्रे उघडे दिसणारी. मग पुढची तबकडी पितळी आणि बाकी हलक्या धातूची असा टप्पा आला, त्यानंतर पूर्ण हलक्या धातूची. पण पाय, म्हणजे रॉडला बसतो तो भाग, त्यानंतरही बरीच वर्षं पितळेचाच होता, आधी गुळगुळीत आणि मग रेघांचा. त्यामुळे "पितळ आहे म्हणजे पहिल्या बॅचची" हे सरळ चुकीचं.

खरा पुरावा आत असतो, ड्रम म्हणजे दोरी गुंडाळली जाते तो फिरता भाग काढल्याशिवाय दिसतच नाही. चेक म्हणजे ती कटकट आवाज करणारी यंत्रणा, ती बदलत गेली आणि संग्राहक त्यावरूनच काळ लावतात, सुरुवातीला कॅलिपरसारखी स्प्रिंग, मग १९०६ चा चेक, १९१२ चा, १९१७ चा आणि त्यानंतरचा डुप्लिकेटेड मार्क टू. तर मार्क टू हे चेकचं नाव आहे, रीलच्या बॅचचं नाही! हार्डीच्याच सेंट जॉर्ज या वेगळ्या रीलवरही तेच लिहिलेलं सापडतं.

सिरियल नंबर जुन्या परफेक्टवर सहसा नसतोच, त्यामुळे तो नाही म्हणून ती पहिल्या बॅचची ठरत नाही. आत कधीकधी दोन अक्षरं ठोकलेली असतात ती कारागिराची आद्याक्षरं, मालकाची नव्हेत.

नावाचंही तसंच. अमेरिकेतल्या केंटकीमधली मीक रील म्हणजे थेट बेंजामिन मीक या कारागिराच्या हातची असं छातीठोक सांगतात, पण मीक १९०१ ला वारला आणि १९१६ ला कनेक्टिकटच्या हॉर्टन कंपनीने तो धंदा घेऊन त्याच नावाने रील काढल्या. इंग्लंडमध्येही बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पितळी रील ढिगाने बाहेर पडायच्या आणि त्यांवर नाव पडायचं दुकानदाराचं.

आणि घासण्याबद्दल कळकळीने सांगतो, प्लीज करू नका. हार्डीच्या रीलवर मुळातच काळपट फिनिश दिलेलं असायचं, तो मळ नाही. चिंच किंवा पितांबरी लावून एकदा घासली की ते कायमचं गेलं, कोरलेली अक्षरं पुसट होतात, आणि संग्राहक पहिल्यांदा बघतो तेच हे फिनिश. पायाला कानस लावलीय का, मूठ नंतर बदललीय का, हेही तो बघणार. मूठ हस्तिदंती असेल तर विकायचा विचार आणखी जपून करा, आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे.

तेव्हा कुणाला दाखवायची असेल तर नुसता बाहेरचा फोटो टाकून "किती जुनी?" विचारू नका. ड्रम काढून चेकचा, पायाचा, मुठीचा आणि कोरलेल्या अक्षरांचा असे वेगवेगळे फोटो काढा, व्यास मोजून लिहा, आणि ड्रम सहज निघत नसेल तर जबरदस्ती न करता जाणकाराकडूनच उघडून घ्या.