गाडी बुटकी नाहीये, ब्रेकर उंच आहे

खर्रर्रर्र! तो आवाज अजून कानातून जात नाहीये माझ्या. रविवारी रात्री साडेनऊला जेजुरीहून परत येत होतो, घर दोनशे मीटरवर राहिलेलं. सकाळी ह्याच रस्त्याने गेलो तेव्हा तिथे काही नव्हतं, काहीच नव्हतं! दिवसभरात कोणीतरी येऊन स्पीडब्रेकर म्हणून डांबराचा ढीग ओतून गेलं, वर पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे पाटी नाही, खांबावरचा दिवा गणपतीपासून बंद. आम्ही पाच जण गाडीत, डिकीत सामान, बॉनेटवर भंडारा तसाच, वीसच्या स्पीडला होतो हो मी, वीसच्या, पुढची चाकं धाडकन वर चढून खाली आली आणि मग पूर्ण पोट घासत गेलं गाडीचं. मागून आई ओरडली, अगं बाई, काय तुटलं? पोराने विचारलं, बाबा गाडी फुटली का, तर मी त्याच्यावर एवढ्या जोरात खेकसलो की तो रडायलाच लागला. त्याची काय चूक होती? सात वर्षांचं पोर ते. ते अजून खातंय मला.

दसऱ्याला घेतली गाडी. डिझायर, पेट्रोल, पांढरी. अकराशे किलोमीटर झालेत फक्त, सीटचं प्लास्टिक परवा काढलं आईने. आठ वर्षं सेकंडहँड हॅचबॅक वापरली, पैसे साठवले, जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला तेव्हा कुठे धाडस केलं, नवी कोरी घेतली आणि कुलदैवताच्या पाया पडून आलो. आणि त्याच दिवशी हे.

सोमवारी सकाळी सातला टेप घेऊन गेलो मी तिथे. लोक बघत होते, बघू दे. उंची 19 सेंटिमीटर, रुंदी 60. माझी गाडी रिकामी असताना जमिनीपासून 163 मिलिमीटर, म्हणजे सोळा सेंटिमीटर आणि वर थोडंसं, पाच माणसं बसली की अजून दबते. मग सांगा, मुंगीच्या पावलाने नेली तरी घासणार नाही तर काय होणार? रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम आहेत ह्याचे, आजचे नाहीत, 1988 पासूनचे आहेत. तेव्हाच लिहून ठेवलं होतं, उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, गाडी पंचवीसच्या स्पीडला आरामात जाईल असा गोलसर उतार, काळे-पांढरे पट्टे, 40 मीटर आधी पाटी. 3.7 मीटर आणि 60 सेंटिमीटर! ह्याला ब्रेकर म्हणायचं का बांध? शेताचा बांध सुद्धा जरा मापात घालतात हो.

आणि डोकं कशाने फिरतं सांगतो. माझी गाडी 3995 मिलिमीटर लांब आहे. का? कारण सरकार म्हणतं चार मीटरच्या आत बसवा, पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत ठेवा, तरच कमी टॅक्स. त्या पाच मिलिमीटरसाठी कंपन्या डिकी कापतात, बंपर आत घेतात, आख्ख्या गाड्या त्या हिशोबाने काढतात. म्हणजे गाडी मोजायला पट्टी आहे, मिलिमीटरची आहे. आणि ज्या रस्त्यावर ती चालवायची तिथे एक माणूस फावड्याने अंदाजपंचे डांबर टाकतो आणि वर दोनदा बूट आपटून निघून जातो. अकरा टक्के रोड टॅक्स भरलाय मी एकरकमी. रोड टॅक्स! त्यातून एक मोजपट्टी येत नाही?

मंगळवारी वर्कशॉपला गेलो, सुट्टी टाकून. गाडी लिफ्टवर घेतली, खाली उभं राहून बघितलं. इंजिनखालचं कव्हर फाटून लोंबत होतं, दोन क्लिपा गायब, सायलेन्सरच्या पाइपवर पोचा, आणि क्रॉस मेंबरवर, म्हणजे खालच्या आडव्या पट्टीवर, हातभर लांब ओरखडा, रंग जाऊन पत्रा चमकत होता. मी बोट फिरवलं त्यावरून तर बोटाला डांबराचा काळा कण चिकटला. तो अॅडव्हायझर म्हणाला, सर नशीब समजा, इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला लागलं नाही. नशीब! वॉरंटीत येत नाही, क्लेम केला तर पुढच्या वर्षीचा 20 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, गेला, आणि वर लगेच, सर अंडरबॉडी कोटिंग करून घ्या, ऑफर चालू आहे. अरे माणसाची गाडी घासली आहे, तू ऑफर काय सांगतोस?

घरी आलो तर मेहुणा. दाजी, म्हणलं होतं ना मी, उंच गाडी घ्या. ऑफिसमध्ये तेच. वॉचमन पण तेच, साहेब एसयूव्ही घ्यायची होती. वैताग आलाय मला ह्या वाक्याचा! आईचे गुडघे गेलेत, तिला उंच गाडीत चढता येत नाही, सेडानमध्ये ती आपली आपण बसते, मागे पाय मोकळे राहतात, 382 लिटरची डिकी आहे, गावाहून येताना तांदळाचं पोतं, भाजी, बॅगा सगळं मावतं, हायवेला गाडी रस्त्याला चिकटून जाते, ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच स्टार आहेत. विचार करून घेतलीय मी, चुकून नाही घेतली. रस्ता बिघडलाय म्हणून मी तीन-चार लाख जास्त घालून उंच गाडी घ्यायची? मग रिक्षावाल्याने काय घ्यायचं? अॅम्ब्युलन्सने काय करायचं? पोटुशी बाई बसलीय रिक्षात तिला काय सांगणार, उंच रिक्षा बघ?

आणि ते सल्ले. स्प्रिंगला रबरी बफर टाका, गाडी वर राहील. टाकतो, मग सस्पेन्शनची वॉरंटी तू देणार का? गाडी तिरकी घ्या ब्रेकरवर. घेतो ना, रोज घेतो, एक एक चाक चढवत, तर मागचे टूव्हीलरवाले त्या तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंनी घुसतात आणि वर हॉर्न. परवा एकाचा हँडल मागच्या दाराला लागला, पांढऱ्या रंगावर काळी रेघ, आणि तो माझ्याकडेच डोळे वटारून गेला. दोन महिन्यांत दारावर चार रेघा झाल्यात, चारही आपल्याच पार्किंगमधल्या नाहीतर गल्लीतल्या. सोसायटीचा रॅम्प तर वेगळंच प्रकरण, बिल्डरने असा खडा केलाय की उतरताना पुढचा बंपर खाली टेकतोच, मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं, मिनिट्समध्ये लिहून घेतात आणि चहा पितात.

आणि ते पिवळे-काळे प्लास्टिकचे ब्रेकर! ते महिनाभरात तुटतात, तुकडे कडेला जातात आणि रस्त्यात उरतात नुसते बोल्ट, वर आलेले, टायर फाडायला. रस्ता खणून केबल टाकली की वर जो उंचवटा सोडतात तो पण एक ब्रेकरच. एका गल्लीत मी सात मोजले, सातही वेगवेगळ्या उंचीचे.

ब्रेकर नकोच असं म्हणत नाहीये मी, नीट ऐका. तिथे कोपऱ्यावर बालवाडी आहे, टूव्हीलरवाली पोरं साठच्या स्पीडने जातात, गेल्या वर्षी एक आजी पडल्या तिथे, हाड मोडलं त्यांचं. तिथे ब्रेकर पाहिजेच, मी स्वतः सही केली होती त्या अर्जावर. पण मापातला पाहिजे. पट्टे मारलेला पाहिजे. मापातल्या ब्रेकरवर गाडी पण हळू होते आणि माणसाची कंबर पण राहते. ह्या बांधावर काय होतं माहितीये? स्कूटरवाले कडेला जी फूटभर फट सोडलीय तिच्यातून त्याच स्पीडने निघून जातात. ज्यांच्यासाठी केला ते थांबतच नाहीत! थांबतो कोण, आम्ही. परवा रात्री एक डिलिव्हरीवाला पोरगा अंधारात उडाला त्यावरून, हेल्मेट होतं म्हणून वाचला.

तक्रार केली. फोनवर एक म्हणे हा रस्ता आमच्याकडे नाही, दुसरे म्हणे आम्ही टाकलाच नाही, तिसऱ्यांनी फोटो मागवला, मी टेप लावून काढलेले पाच फोटो पाठवले, उत्तर आलं की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काय निकाली काढलं? ब्रेकर जिथल्या तिथे आहे! शेवटी काल पांढऱ्या रंगाचा डबा आणला, पोराला बरोबर घेतलं आणि रात्री अकराला दोघांनी पट्टे मारले, निदान दिसेल तरी. त्याला सॉरी पण म्हणालो तेव्हाच.

आज संध्याकाळी आईला डॉक्टरकडे नेलं होतं. परत येताना गल्लीत वळलो आणि डॅशबोर्डवर सीटबेल्टचं टुंग टुंग सुरू झालं. मागे बघतो तर आईने बेल्ट आधीच काढलेला, एक हात दाराच्या हँडलवर, दुसऱ्या हातात काठी. म्हणाली, थांब इथे, मी उतरते, तेवढंच वजन कमी होईल, तू जा पुढे, मी येते हळूहळू चालत.