काका, विषय तुम्हीच काढलात

परवा लग्नाच्या पंगतीत पुन्हा तेच. जिलबी फिरत होती आणि शेजारचे काका ठासून सांगत होते, "हिटलरनं ६० लाख ज्यू मारले म्हणे! सगळं फुगवलेलं." मी अडवलं, तर म्हणे, "बोलायचं स्वातंत्र्य नाही का आम्हाला?"

आहे ना! अमेरिकेत असं बोलणं गुन्हा नाही, जर्मनीत ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुठला कायदा बरा, यावर रात्रभर वाद घाला. मला स्वतःला तुरुंग पटत नाही. पण बोलायची मुभा आहे म्हणून बोललेलं खरं होत नाही हो!

आणि तोंड कोण दाबतं, तेही बघा. डेव्हिड अर्व्हिंग या नरसंहार नाकारणाऱ्या माणसानंच इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांच्यावर बदनामीचा दावा ठोकला होता. २००० साली लंडनच्या न्यायालयात तो हरला. त्यानं पुराव्यांची जाणूनबुजून मोडतोड केली, असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं. २००६ मध्ये ऑस्ट्रियानं त्याला कैद सुनावली, तेव्हा 'हे नको' म्हणणाऱ्यांत लिपस्टाटही होत्या!

आउशवित्झ ही पोलंडमधली हिटलरच्या नाझींची मृत्युछावणी. तिथल्या संग्रहालयात मारलेल्यांच्या सुटकेसेस आहेत. कित्येकींवर ठळक अक्षरात मालकाचं नाव लिहिलेलं. सामान परत मिळेल, या भरवशावर. लहान मुलांचे जवळपास ८ हजार बूट आहेत. वितभरसुद्धा नसलेले बूट!

हे सांगताना माझा आवाज चढला. काका म्हणाले, "जाऊ दे, जेवताना असले विषय नकोत."

विषय काढला कोणी होता?