मेलमधली शेवटची ओळ

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री, म्हणजे धातूचे भाग ओतायचा कारखाना आहे. गेल्या महिन्यात एका ग्राहकाचा सुधारित ड्रॉइंगचा मेल आला. वर दोन ओळी, खाली ड्रॉइंगची पीडीएफ आणि शेजारी ‘एटीटी००००१’ नावाची इवलीशी टेक्स्ट फाइल. ऑफिसातल्या मुलीनं ती उघडली नाही. कशी उघडेल? अनोळखी फाइलला हात लावू नकोस, हे मीच तिला बजावलेलं. ड्रॉइंग उद्यमनगरात पॅटर्नवाल्या मामांकडे गेलं, पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो नमुना झाला, १८ कास्टिंग ओतली. मशीनिंगला बोअर, म्हणजे आतलं भोक साफच होईना. सगळी परत भट्टीत.

ग्राहकाला फोन केला तर म्हणाला, “अहो, खाली लिहिलंय की, बोअरला मशीनिंगसाठी ३ ऐवजी ४ मिमी जादा धातू ठेवा!” त्याच्या स्क्रीनवर ते खरंच होतं. आमच्याकडे तीच ओळ त्या फाइलमध्ये पडून होती.

झालं असं की, त्यानं मोबाइलवरून मेलमध्ये दोन ओळी लिहिल्या, मध्ये पीडीएफ घातली, खाली आणखी एक ओळ लिहिली. मेल आतून सलग कागद नसतो, तुकड्यांची माळ असते: मजकूर, फाइल, पुन्हा मजकूर. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ‘माइम’ नावानं ही रचना मांडली. त्यात तुकड्यांच्या क्रमालाही अर्थ आहे. तुकडा जागेवरच दाखवायचा की अटॅचमेंट म्हणून, हे सांगणारी चिठ्ठीही त्याला लावता येते. पण ती निव्वळ सूचना असते. मेल वाचायचे काही प्रोग्रॅम पहिला मजकूर तेवढा पत्र मानतात आणि उरलेलं सगळं अटॅचमेंटच्या रांगेत ढकलतात. त्याच रांगेत सहीतला लोगोही ‘इमेज००१’ होऊन बसतो. रोज असला कचरा दिसला की माणूस तिकडे बघणंच सोडतो.

मजकुराला असं रांगेत ढकलणं मला अजिबात पटत नाही. माणसानं हातानं लिहिलेली ओळ हा पत्राचाच भाग आहे, ती लिहिली तिथंच दिसली पाहिजे. सुरक्षेचं कारण इथं चालत नाही, कारण साधा मजकूर नुसता दाखवल्यानं व्हायरस शिरत नाही. आणि प्रोग्रॅमवाल्यांनो, दाखवायचंच नसेल, तर ‘खाली आणखी मजकूर आहे’ एवढं तरी लिहा ना!

मामांनी पॅटर्न दुरुस्त करून दिला, पैसे घेतले नाहीत. आमच्या सगळ्या ग्राहकांना हात जोडून विनंती, मापाबद्दल जे काही सांगायचं ते फाइल जोडण्याआधी, वरच लिहा.