गळ्यात सुवर्ण आहे म्हणून कमरेला पट्टा येत नाही

‘हौशी बॉक्सिंगमध्ये ज्याची पदकं जास्त, तो प्रो, म्हणजे व्यावसायिक, झाला की जागतिक पट्टा (विजेतेपद) आलाच म्हणून समजा.’ दर ऑलिम्पिकनंतर हे वाक्य तीन दाखल्यांसह फिरतं. दाखले एकेक करून तपासू.

‘लोमाचेंकोने तिसऱ्याच लढतीत पट्टा जिंकला.’ जिंकला, पण दुसऱ्या लढतीचं काय? हौशीतले ३९६ विजय, एकच पराभव आणि दोन ऑलिम्पिक सुवर्णं घेऊन युक्रेनचा हा बॉक्सर मार्च २०१४ मध्ये पट्टा राखणाऱ्या मेक्सिकोच्या ऑर्लांडो सालिदोसमोर उतरला. सालिदोच्या खात्यात तोवर १२ पराभव होते. तरी लोमाचेंको हरला. प्रोमध्ये वजन आदल्या दिवशी होतं. मर्यादा १२६ पौंड. सालिदो सव्वादोन पौंड जास्त भरला आणि पट्टा काट्यावरच गमावून बसला. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये तो १४७ पौंडांचा होता, लोमाचेंको १३६. मग काय, अंगावर रेलून बरगड्या शेकणं, आणि संधी मिळेल तिथे कमरेखालीही. हौशीत त्याच दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळे एवढी तफावत अंगावर घ्यायची सवयच नसते. शिवाय लोमाचेंको त्याआधी पाच फेऱ्यांपलीकडे कधी गेलाच नव्हता.

‘शेकडो लढतींचा अनुभव वाया जातो का?’ वाया नाही जात, पण अनुभव कशाचा तेही बघा. हौशी लढत तीन फेऱ्यांची, म्हणजे ९ मिनिटांची. जागतिक पट्ट्याची ३६ मिनिटांची. १९९२ ते २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये गुण संगणकावर मोजले जायचे: पाचपैकी तीन जजनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तर एक गुण. ठोसा हाडं हलवणारा असो की नुसता टेकवलेला, गुण तेवढाच. पोटावरचे ठोसे तर फारसे मोजलेच जात नसत. त्यामुळे टेकव आणि निसट, ही शैली फोफावली.

चीनचा झोउ शिमिंग या शैलीचा उस्ताद. हात खाली, पाय सतत फिरते. २००८ आणि २०१२ ची सुवर्णं त्याचीच. ३१ व्या वर्षी प्रो झाला, नोव्हेंबर २०१६ मध्ये पट्टाही मिळवला. पण जुलै २०१७ मध्ये जपानचा शो किमुरा पुढेच सरकत राहिला आणि अकराव्या फेरीत त्याने झोउला संपवलं. प्रोमध्ये झोउच्या वजनगटात ग्लोव्ह ८ औंसांचा, हौशीत १०. तो पातळ गादीचा ठोसा अकराव्या फेरीत, दमलेल्या पायांवर झेलायचा असतो.

‘आपला विजेंदर सिंग प्रोमध्ये सलग १२ जिंकला, हरला तो वयामुळे.’ वय होतंच. प्रो झाला तेव्हाच तो २९ चा होता. पण मार्च २०२१ मध्ये पणजीच्या कॅसिनो बोटीवर रशियाच्या आर्तिश लोपसानने त्याला पाचव्या फेरीत थांबवलं, तेव्हा विजेंदर सुमारे सोळा महिने रिंगबाहेर होता आणि समोरचा चांगलाच उंच होता. सलग विजयांचा आकडा बघताना समोर कोण होतं, तेही पाहावं.

दोन बॉक्सरांची तुलना करायचीच तर पदकं बाजूला ठेवा. प्रो होतानाचं वय, पोटावरचा मारा सोसायची ताकद, चार-सहा-आठ-दहा फेऱ्यांची शिडी कशी चढवली, एवढं बघा. ब्रिटनचा ऑलिम्पिक विजेता अँथनी जोशुआ २३ व्या वर्षी प्रो झाला आणि सोळाव्या लढतीत पट्ट्यापर्यंत पोहोचला. क्युबाचा रोबेइसी रामिरेझ दोन सुवर्णं घेऊन आला आणि २०१९ मध्ये पहिल्याच, चार फेऱ्यांच्या लढतीत आदान गोन्झालेसकडून हरला; पहिल्याच फेरीत तो ठोसा खाऊन खाली पडला होता. पुढच्या जुलैत त्याने त्याच गोन्झालेसला सहा फेऱ्यांच्या लढतीत हरवलं. पट्टा यायला मात्र एप्रिल २०२३ उजाडला.