‘कंपनीवर केस टिकत नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात हा मेसेज मला तीन ग्रुपवरून आला. थोडक्यात असा: “गाडी, औषध, फवारणी यांनी इजा झाली तर कंपनीवर केस करू नका. बिल नसेल तर केस नाही. दोष तुम्हालाच सिद्ध करावा लागतो. कंपनी जिथली, तिथेच जावं लागतं. शेतकरी ग्राहक नाही. वकील तीस टक्के घेतो.” शेवटी हात जोडलेला इमोजी.

हा मेसेज नागपुरात फिरावा, याचं जास्त वाईट वाटलं. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरं किडनी निकामी झालेल्या अवस्थेत आपल्याच शहरातल्या दवाखान्यांत आणली होती. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सायरपच्या तामिळनाडूतल्या तपासणीत 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. मर्यादा 0.1 टक्क्याची. वीसहून जास्त मुलं गेली.

आता पहिला मुद्दा, बिलाचा. अशा प्रकरणात खरा पुरावा बाटली असतो: तिच्यावरचा बॅच नंबर, आत उरलेलं औषध, डॉक्टरची चिठ्ठी, यूपीआयची नोंद. बिल असलं तर उत्तम, पण नसलं म्हणून दार बंद होत नाही. उलट, बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. घरी मात्र माणूस आजारी पडला की आपण आधी काय करतो? कपाट साफ करतो. ती बाटली झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून ठेवा. औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या कलम 26 नुसार विकत घेणारा माणूस स्वतः फी भरून ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. हे कलम औषध दुकानदारांनाही फारसं ठाऊक नसतं, असा माझा अनुभव.

दोष सिद्ध करण्याचं म्हणाल तर मेसेज अर्धा खरा आहे. दोष होता आणि त्यामुळेच इजा झाली, हे दाखवावं लागतंच. पण त्यासाठी कंपनीच्या कारखान्यात शिरावं लागत नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय दोष कळणार नसेल, तर तक्रार ऐकणारा ग्राहक आयोगच नमुना तिकडे पाठवतो. फी मात्र तक्रारदाराला भरावी लागते. ह्युंदाई क्रेटाच्या एअरबॅग अपघातात उघडल्या नाहीत, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ग्राहक काही धडकेचा वेग आणि बल मोजणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये म्हटलं आणि तीन लाखांची भरपाई व गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. गाडीत बाहेरून काही फेरफार केले असतील तर मात्र ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 87 कंपनीच्या कामी येतं. गॅरेजवाल्याच्या ‘हो जाएगा भाऊ’वर वायरिंग कापून घेण्याआधी हे आठवावं.

कंपनीच्या गावी जाण्याची गोष्ट जुनी झाली. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार होते, म्हणजे नागपूरकराला सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा आयोगाच्या पुढे जावं लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही, मागितलेली भरपाई कितीही असो.

शेतकऱ्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपला. 2017 मध्ये विदर्भातल्याच यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर मेले आणि ‘मास्क लावला नव्हता’ म्हणून दोष त्यांच्यावरच ढकलला गेला. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी’ धरली जात नाही, म्हणून ती घेणारा ग्राहकच ठरतो. बियाण्यांच्या प्रकरणात शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच सांगितलं. घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याच्या व्याख्येत बसतो, म्हणून पंप पाठीवर घेणारा मजूरही बाहेर राहत नाही. वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणं हाही कलम 84 मध्ये उत्पादकाचा दोष आहे.

तीस टक्के घेणारा माणूस वकील नसतो, दलाल असतो. मेडिकल चौकात नातेवाईक रडत असताना कार्ड हातात कोंबणारे मी पाहिले आहेत. निकालावर फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे, अशी गिऱ्हाइकं गोळा करायलाही. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन 15100.

खरी अडचण मेसेजने सांगितलीच नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. आणि मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत सगळ्यांनाच फुकट मिळणाऱ्या औषधाने इजा झाली, तर पैसे मोजलेले नसल्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता अवघड होतो. तिथे दिवाणी दाव्याचाच विचार करावा लागतो, म्हणून अशा घरच्यांनी विधी सेवा प्राधिकरणात जाताना केसपेपर आणि औषधाची पट्टी सोबत न्यावी.